खांदेरी जपायची तर दीपगृहासकट

रायगड जिल्ह्यातल्या आणि मुंबईतल्या नागरिकांनो, थळ-नवगावपासून ससून डॉकपर्यंतच्या कोळी बांधवांनो आणि भगिनींनो, गडकोटांच्या वाटा तुडवणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

11 जुलै 2025 रोजी पॅरिसमध्ये जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिलं. त्या बारांत आपली खांदेरी आहे. बातमी आली तेव्हा अलिबागेत आणि थळमध्ये झालेला आनंद खरा होता आणि तो आपल्या हक्काचा होता. पण त्या दिवसापासून खांदेरीबद्दल जे काही बोललं आणि लिहिलं जात आहे, त्यात बेटावरची सगळ्यात उंच वास्तू जवळपास कुठेच सापडत नाही. कितीतरी छायाचित्रांत ती मुद्दाम चौकटीबाहेर ठेवलेली दिसते. "ते इंग्रजांनी बांधलेलं, त्याचं किल्ल्याशी काय देणंघेणं?" हे वाक्य मी चांगल्या, इतिहासावर मनापासून प्रेम करणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे.

ती वास्तू म्हणजे 1867 साली उभं राहिलेलं खांदेरीचं दीपगृह. दीपरक्षकांच्या बैठ्या घरातून सरळ वर गेलेला, साधारण 25 मीटर उंचीचा अष्टकोनी दगडी मनोरा. आज त्याला सरखेल कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे. मुंबई बंदराच्या दक्षिण हद्दीवरची ही खूण आजही काम करते, रोज रात्री पेटते. हे आवाहन तिच्यासाठी आहे.

दिवा चालू आहे, मनोरा उभा आहे, मग एवढी घाई कसली, असं कुणी विचारेल. घाई आहे, आणि तिची कारणं नीट समजून घ्यायला हवीत.

जागतिक वारसा यादीतल्या 12 किल्ल्यांपैकी 8 भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. साल्हेर, राजगड, प्रतापगड आणि खांदेरी हे चार राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहेत. म्हणजे खांदेरीचा तट आणि बुरूज राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे, तर दीपगृह मुंबई बंदर प्राधिकरणाकडे. एका खात्याचं काम इतिहास जपण्याचं, दुसऱ्याचं जहाजं सुखरूप आत-बाहेर नेण्याचं. दोन्ही कामं आपापल्या जागी योग्यच आहेत. पण दीपगृहाची जुनी भिंत, त्याचा जिना, दीपरक्षकांच्या खोल्या, पाण्याची साठवण, जुनी अवजारं या गोष्टी या दोघांच्या मधल्या सांदीत पडतात. बंदराच्या दृष्टीने दिवा लागला की काम झालं. पुरातत्त्वाच्या दृष्टीने किल्ला म्हणजे तट, बुरूज आणि तोफा. जागतिक नामांकनाच्या मागोमाग बेटावर धक्का, पायवाटा, फलक, दुरुस्त्या हे सगळं येणार. आराखडे एकदा कागदावर पक्के झाले, निधीची विभागणी झाली, की त्यात नसलेल्या वास्तूला पुढची वीस-पंचवीस वर्षं कुणी वाली उरत नाही. म्हणून बोलायची वेळ आत्ताची आहे.

आता 'इंग्रजांचं' या आक्षेपाकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्याचं मूळ तिथे आहे.

खांदेरीचं बेट थळच्या किनाऱ्यापासून सुमारे 5 किलोमीटरवर, मुंबईपासून साधारण 20 किलोमीटर दक्षिणेला. नकाशा समोर ठेवा आणि मुंबई बंदराच्या तोंडाकडे बघा. दक्षिणेकडून येणाऱ्या गलबताला हे बेट टाळून मुंबई गाठता येत नाही. ते नजरेच्या टप्प्यातून जातंच. शिवाजी महाराजांनी हे ओळखलं होतं. 1672 मध्ये त्यांनी इथे बांधकामाचा पहिला प्रयत्न केला. इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आले आणि काम थांबलं. मग 1679 च्या ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात, मोठी जहाजं जेव्हा समुद्रात उतरायला धजत नाहीत त्या दिवसांत, मायनाक भंडारी दीडशेच्या आसपास माणसं घेऊन बेटावर उतरले आणि तट उभा राहायला लागला.

मुंबईच्या इंग्रजांची त्यानंतरची धावपळ त्यांच्याच पत्रव्यवहारात नोंदलेली आहे. सप्टेंबरात थॉर्प नावाच्या त्यांच्या अधिकाऱ्याने बेटावर चढाई केली आणि तो मारला गेला. 18 ऑक्टोबरला मराठ्यांच्या बाजूने दौलतखानाच्या आरमाराने थेट हल्ला चढवला. इंग्रजांच्या केग्विनचं 'रिव्हेंज' हे जहाज त्या दिवशी टिकून राहिलं, पण 'डोव्हर' हे गलबत मराठ्यांच्या हाती लागलं. त्याहून मोठी गोष्ट पुढच्या रात्रींत घडत राहिली. इंग्रजांची शिडाची जहाजं वारा पडला की जागच्या जागी डुलत उभी राहत, आणि उथळ पाण्यात चालणाऱ्या, वल्ह्यांनी हाकलेल्या आपल्या होड्या अंधारात त्यांच्या बगलेतून दाणागोटा आणि दारूगोळा बेटावर पोचवत. ही माणसं कोण होती? याच किनाऱ्यावरची कोळी, भंडारी, आगरी माणसं, ज्यांना इथला प्रत्येक खडक, प्रत्येक ओहोटी ठाऊक होती. जानेवारी 1680 मध्ये इंग्रजांनी तह केला. खांदेरी स्वराज्यात राहिली. त्याच महिन्यात सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं, आणि ही दोन बेटं पुढे कित्येक वर्षं एकमेकांवर तोफा रोखून उभी राहिली. 1718 मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने पुन्हा मोठा फौजफाटा घेऊन खांदेरीवर हल्ला केला. कान्होजी आंग्र्यांनी तो परतवला.

हे सगळं इतक्या विस्ताराने सांगण्याचं कारण असं की खांदेरीचं मोल तिच्या जागेत आहे. जो खांदेरीवर उभा, त्याला मुंबईकडे जाणारं प्रत्येक शीड दिसतं. महाराजांनी याच जागेवर तोफा बसवल्या. पुढे 1818 नंतर, मराठ्यांची सत्ता गेल्यावर, समुद्रावर आव्हान देणारं आरमार उरलं नाही, तोफांची गरज संपली, पण जागेचं मोल तसंच राहिलं. 1860 च्या दशकात मुंबईतून जाणाऱ्या कापसाने आणि वाढत्या आगबोटींनी बंदर गजबजलं. कुलाब्याच्या टोकाला 1799 पासून एक जुनं दीपगृह होतं, पण दक्षिणेकडून येणाऱ्या जहाजाला चौल-अलिबागच्या समोरचा पट्टा अंधारात पार करावा लागे, आणि तो पट्टा साधा नाही. खांदेरी-उंदेरीच्या आजूबाजूचे खडक, अलिबागेजवळचा भरतीत दडून बसणारा चौल कडू, हे सगळं तिथेच आहे. मग 1867 मध्ये खांदेरीच्या माथ्यावर दिवा लागला. सुएझचा कालवा खुला व्हायला तेव्हा अजून दोन वर्षं होती, आणि कुलाब्याजवळचं प्राँग्जचं प्रसिद्ध दीपगृह 1875 साली उभं राहिलं. मुंबईच्या दक्षिणेकडच्या वाटेवरचा हा पहारा त्या दोन्हींच्या आधीचा.

बांधकामाचा हुकूम इंग्रजांचा होता, हे खरंच आहे. पण किल्ल्याचा आणि दीपगृहाचा प्रश्न एकच होता: मुंबईच्या तोंडाशी कोण येतं, कोण जातं. दोन वेगळ्या राजवटींनी त्या प्रश्नाला एकाच खडकावर उभं राहून उत्तर दिलं. खांदेरीवर उभं राहून तट बघायचा आणि मनोऱ्याकडे पाठ फिरवायची, तर बेटाचा निम्मा इतिहास हातचा जातो. महाराजांनी ही जागा का निवडली, हे शाळकरी मुलाला समजावायचं असेल तर त्याला त्या मनोऱ्याच्या पायथ्याशी नेऊन मुंबईकडे बोट दाखवावं. दुसरं काही सांगावं लागत नाही.

आणि तो दिवा इंग्रजांपुरता कधीच नव्हता. इंग्रज जाऊन आठ दशकं होत आली, दिवा लागतोच आहे. ज्या कोळ्यांच्या पणजोबांनी तो पेटलेला पाहिला, त्यांची पोरं-नातवंडं त्याच्या अंदाजाने रात्री घरी आली. कोकणात जाणाऱ्या बोटी चालू होत्या तोवर भाऊच्या धक्क्यावरून निघालेल्या चाकरमान्यांच्या किती पिढ्यांनी डेकवर पथारी पसरून हा प्रकाश मागे पडताना पाहिला असेल. मुंबई सुटली, आता गावाकडचा समुद्र सुरू झाला, ही खूण हाच दिवा देत असे. ही आठवण आपली आहे. हुकूम परक्या सरकारचा होता म्हणून ती परकी होत नाही.

याच पाण्याने आपल्याला केवढा घाव घातला आहे, हेही विसरता येणार नाही. 17 जुलै 1947 रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता तेव्हा, रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. वाचलेल्यांपैकी कित्येकांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं. अलिबाग तालुक्यात आजही अशी घरं आहेत जिथे आषाढी अमावास्येला कुणाचं तरी नाव निघतं. तो अपघात दिवसाढवळ्या, वादळात झाला. कुठलाही दिवा तो टाळू शकला नसता. पण ज्या समुद्रात आपली एवढी माणसं गेली, त्या समुद्रावर जागं राहणाऱ्या एका वास्तूला आपण 'जुनं सामान' समजू नये, एवढी अपेक्षा मी ठेवतो.

आता मनोऱ्याचं दुखणं काय असतं ते सांगतो, कारण लांबून पाहिलं की सगळं धडधाकट दिसतं.

समुद्रातल्या दगडी बांधकामाचा पहिला शत्रू मीठ. खारा वारा रोज दगडाच्या आणि सांध्यांच्या बारीक छिद्रांत मीठ भरतो. पावसाळ्यात ते विरघळून आत जातं, उन्हाळ्यात पाणी सुकतं आणि मिठाचे स्फटिक तिथेच फुगतात. दगडाची पापुद्र्यासारखी साल निघते. जुने गवंडी चुन्यात काम करत, आणि चुना नरम असल्यामुळे ओल त्याच्यातून बाहेर पडायची. झिजायचा तो चुना झिजायचा, दगड वाचायचा. गेल्या काही दशकांत अशा वास्तूंवर घाईघाईने सिमेंट लिंपण्याची सवय लागली. सिमेंट पाणी अडवतं असं वाटतं, पण ते आत शिरलेली ओल बाहेर जाऊ देत नाही, आणि मग दगडच फुटायला लागतो. वरून प्लास्टिकसारखा चकचकीत रंग मारला तर रोग आणखी आत कोंडला जातो. कोकणातल्या कितीतरी देवळांची आणि वाड्यांची हीच गत आपण डोळ्यांनी पाहिली आहे.

दुसरं दुखणं लोखंडाचं. दीपगृहात लोखंड फार: वरच्या सज्जाचे कठडे, जिन्याचे भाग, दिव्याच्या काचघराची चौकट, दगडात रुतवलेले पट्टे. लोखंड गंजलं की फुगतं, त्याचं आकारमान मूळच्या कितीतरी पट होतं, आणि ते ज्या दगडात बसवलेलं असतं त्यालाच चिरतं. ही चीर आधी केसाएवढी असते. दोन पावसाळ्यांत तिच्यात बोट जातं.

तिसरं दुखणं मात्र माणसांच्या नसण्याचं आहे, आणि मला तेच सगळ्यात गंभीर वाटतं. पूर्वी दीपगृहात माणसं राहत. त्या काळच्या दिव्याचं भिंग फिरवायला घड्याळासारखी यंत्रणा असे, तिचं जड वजन मनोऱ्याच्या पोटातून हळूहळू खाली उतरे, आणि दीपरक्षकाला ते रात्रीतून पुन्हा पुन्हा वर चढवावं लागे. वाती कातरणं, तेल भरणं, काजळी पुसणं, काचा झळझळीत ठेवणं, वारा-पाऊस आणि दिसलेल्या जहाजांची नोंद करणं. मीठ काचेवर बसलं की प्रकाश मंदावतो, म्हणून काचा पुसणं हे कामच होतं. त्या रोजच्या हात फिरवण्यातून इमारतही सांभाळली जायची. खिडक्या उघडल्या जायच्या, गळती पहिल्या पावसातच कळायची, सांध्यात उगवलेलं पिंपळाचं रोप दोन पानांचं असतानाच उपटलं जायचं. जगभर दीपगृहं स्वयंचलित झाली. ब्रिटनमध्ये शेवटचे दीपरक्षक 1998 साली उतरले. आपल्याकडेही विजेचे, सौरऊर्जेचे, आपोआप लागणारे-विझणारे दिवे आले. सोय झालीच, पण ज्या वास्तूत कुणी राहत नाही ती आतून कुजते. बंद खोलीत ओल साचते आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत रोप झाड झालेलं असतं.

यात वादळांची भर. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं, आणि वर्ष भरायच्या आत, मे 2021 मध्ये, तौक्ते आलं. माड, छपरं, होड्या यांचं जे झालं ते आपण भोगलं आहे. उघड्या समुद्रात उभा असलेला दीडशे वर्षांहून जुना मनोरा अशी वादळं किती काळ अंगावर घेईल, हे त्याच्या सांध्यांची आजची स्थिती नीट तपासल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही.

"आता उपग्रह आहेत, मोबाइलमध्येसुद्धा नकाशा आहे, दीपगृह कशाला?" हाही प्रश्न येतो. त्याला उत्तर म्हणून 7 ऑगस्ट 2010 चा दिवस आठवा. मुंबई बंदराच्या तोंडाशी, प्राँग्जच्या दीपगृहाजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-3' ही दोन मोठी जहाजं एकमेकांवर आदळली. दोघांकडेही यंत्रं होती. तेल सांडलं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने पसरलं. यंत्रं बंद पडतात, चुकीचं दाखवतात. डोळ्यांनी दिसणारी खूण हा खलाशाचा शेवटचा भरवसा असतो, आणि छोट्या मचव्यावरच्या तांडेलासाठी तो बहुतेकदा पहिलाही असतो. दिवा उद्या कामातून गेला तरी मनोरा दिवसासुद्धा दिशा दाखवतो. तेव्हा हे दीपगृह म्हणजे संग्रहालयात ठेवायची वस्तू आहे, असं माझं म्हणणं नाही. चालू दीपगृह चालूच राहावं.

आणि हे होऊ शकतं. त्यासाठी कायदासुद्धा आहे. 1927 चा दीपगृह कायदा रद्द करून संसदेने 2021 मध्ये सागरी नौवहन साहाय्य कायदा केला. त्यात केंद्र सरकारला आपल्या अखत्यारीतलं दीपगृह 'वारसा दीपगृह' म्हणून घोषित करण्याचा अधिकार दिला आहे. दिव्याचं काम चालू ठेवून त्या वास्तूचा उपयोग शिक्षण, संस्कृती आणि पर्यटन यांसाठी करता यावा, हा त्यामागचा हेतू. मुंबई बंदर प्राधिकरण केंद्राच्याच बंदर, नौवहन आणि जलमार्ग मंत्रालयाखाली येतं. म्हणजे खांदेरीच्या दीपगृहाला हा दर्जा मिळावा यासाठी प्रस्ताव कुठून कुठे जायला हवा, हे स्पष्ट आहे. आपण मागणीच केली नाही तर तो निघणार कसा?

शेजारच्या गोव्यात बघा. आग्वादचा किल्ला पोर्तुगिजांनी 1612 मध्ये पुरा केला, त्यातलं दीपगृह 1864 चं, म्हणजे खांदेरीच्या फक्त तीन वर्षं आधीचं. ते दीपगृह 1976 मध्ये निवृत्त झालं, तरी किल्ला आणि दीपगृह ही तिथे एकच ओळख आहे. आग्वादचं चित्र काढा म्हटलं तर गोव्यातलं पोर आधी तो मनोरा काढेल. सप्टेंबर 2023 मध्ये देशातला पहिला दीपगृह महोत्सव तिथेच भरला. फ्रान्समधलं कोर्दुआं हे भर समुद्रातलं दीपगृह 2021 मध्ये स्वतःच्या बळावर जागतिक वारसा यादीत गेलं. अमेरिकेत केप हॅटरसचं, 1870 साली पेटलेलं विटांचं प्रचंड दीपगृह समुद्र गिळायला आला, तेव्हा 1999 मध्ये ते आख्खं उचलून 2,900 फूट आत नेलं गेलं. खांदेरीला असा काही चमत्कार नको आहे. तिचा पाया काळ्या खडकात आहे. तिला चुना हवा, गंज काढणारे हात हवेत आणि तिची कागदोपत्री दखल हवी.

तुमच्याकडून काय हवं, ते आता सांगतो.

ज्यांच्या घरातलं कुणी खांदेरीच्या बत्तीवर नोकरीला होतं, त्यांना माझी सगळ्यात आधी विनंती आहे. पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर, अल्बममध्ये शोधा. फोटो असेल, रजेचा अर्ज असेल, जुना कंदील असेल, नोंदवहीचं एखादं पान असेल. त्या वस्तू विकू नका, भंगारात देऊ नका. घरातल्या आजी-आजोबांना विचारा: पावसाळ्यात बेटावर शिधा कसा पोचायचा? आजारी माणसाला किनाऱ्यावर कसं आणायचे? तिथे मुलं वाढली का? त्यांचं बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, तारीख आणि नाव घालून जपा. ही माणसं आता थोडी उरली आहेत, आणि त्यांच्यापाशी जे आहे ते कुठल्याही दप्तरात मिळणार नाही. सगळ्या मागण्यांत हीच एक अशी आहे जिला पुढचं वर्ष चालणार नाही.

थळ, नवगाव, किहीम, आक्षी, वरसोली आणि आसपासच्या गावांना विनंती की ग्रामसभेत हा विषय घ्या. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर यांतली जी ग्रामसभा आधी येईल तिच्यात ठराव करा. ठरावात तीन गोष्टी स्पष्ट मागा. खांदेरीच्या संवर्धन आराखड्यात दीपगृह, दीपरक्षकांचं घर आणि त्याला लागलेली सगळी जुनी बांधकामं यांचा नावानिशी समावेश व्हावा. दीपगृहाला 2021 च्या कायद्याखाली वारसा दर्जा मिळावा. आणि कुठलंही काम हाती घेण्याआधी पुरातत्त्व संचालनालय आणि बंदर प्राधिकरण यांनी मिळून वास्तूची तपासणी करावी व तिचा अहवाल लोकांसमोर ठेवावा. ठरावाच्या प्रती दोन्ही कार्यालयांना, जिल्हाधिकाऱ्यांना, आपल्या आमदार-खासदारांना पाठवा आणि पोच घ्या. मुंबईतल्या कोळीवाड्यांच्या जमातींनी आणि मच्छीमार सोसायट्यांनी आपल्या सभेत असाच ठराव केला तर त्याचं वजन वेगळंच पडेल, कारण बंदराच्या दारात त्यांचा शब्द शतकानुशतकं चालत आला आहे. आराखडा करणाऱ्यांनी कोळी समाजाला आधी विचारावं, हीही मागणी त्यात घाला. बेटावरचा वेताळ त्यांचा देव आहे. तिथे कुणी कधी, कसं जायचं हे त्यांच्याशिवाय ठरता कामा नये.

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनो आणि शिक्षकांनो, या मनोऱ्याची मोजमापं घेऊन त्याचे काटेकोर आराखडे तयार करण्याचं काम तुमच्या एका सत्राच्या अभ्यासात बसू शकतं. आवश्यक त्या परवानग्या काढा आणि करा. पायऱ्या, खिडक्या, दगडांच्या थरांची उंची, सांध्यांतला चुना, लोखंड कुठे किती गंजलं आहे, सगळं नोंदवा. वादळाने उद्या काही पडलं तर ते पुन्हा उभं करायला हेच कागद लागतील. चुन्याचं काम येणारे गवंडी आपल्या जिल्ह्यात अजून आहेत. त्यांना शोधा, त्यांच्याकडून शिका, आणि काम निघेल तेव्हा त्यांनाच मिळावं म्हणून आवाज द्या.

गडप्रेमींनो, तुमच्यावर माझा मोठा भरवसा आहे, म्हणून थोडं कडक बोलतो. खांदेरीवर एक खडक आहे, ठोकला की धातूसारखा नाद येतो. आलेला प्रत्येक जण हातात दगड घेऊन त्यावर मारतो, आणि त्या खडकावर खळगे पडले आहेत. तो नाद एका माणसाने एकदा ऐकवला तरी सगळ्यांना ऐकू येतो. बेटावरच्या चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या तोफा महाराष्ट्रात दुर्मीळ आहेत. त्यांच्यावर चढून बसू नका. दीपगृहाच्या भिंतीवर नाव कोरू नका, परवानगीशिवाय आत शिरू नका, आपला प्लास्टिकचा कचरा परत किनाऱ्यावर घेऊन या. आणि फोटो काढाल तेव्हा मनोऱ्याला चौकटीत घ्या. खाली 1867 हे साल लिहा. पुढच्या वेळी कुणी विचारेल की हे काय आहे, तेव्हा तुम्हाला सांगता यायला हवं.

उत्साहाच्या भरात होणाऱ्या एका चुकीबद्दल आधीच सावध करतो. मनोऱ्यावर रंगीबेरंगी रोषणाई करा, सज्जात खानपानगृह काढा, अशा सूचना नक्की येतील. चालू दीपगृहाच्या आसपास झगमगाट केला तर समुद्रावरच्या माणसाला नेमका दिवा ओळखता येत नाही. दीपगृहाचा प्रकाश ठरावीक अंतराने, ठरावीक रीतीने चमकतो आणि त्यावरूनच तो कुठला हे खलाशी ओळखतो. त्यात खेळ करणं म्हणजे जीवाशी खेळणं आहे. बेटावर माहितीचं दालन हवं असेल तर दीपरक्षकांच्या जुन्या खोल्यांचा विचार व्हावा, तोही त्या नीट दुरुस्त झाल्यावर आणि बंदर प्राधिकरणाच्या संमतीने. पर्यटक किती, किती वेळ, भरती-ओहोटीच्या कोणत्या वेळी, याला मर्यादा हवी. लहान बेट आहे. तिथे गोड्या पाण्याचा साठा मोजका, आणि पावसाळ्यात बोट लागत नाही.

पत्रकारांनो, लेखकांनो, शिक्षकांनो, 21 सप्टेंबर हा भारतीय दीपगृह दिन असतो. तो आपल्याकडे जवळजवळ कुणाच्या खिजगणतीत नाही. या वर्षी अलिबाग, पेण, उरण आणि मुंबईतल्या शाळांमध्ये त्या दिवशी एक तास खांदेरीला द्या. मुलांना किल्लाही सांगा, दिवाही सांगा, मायनाक भंडारी सांगा आणि वजन वर चढवत रात्र जागणारा दीपरक्षकही सांगा. जमलं तर मुलांना थळच्या किनाऱ्यावर न्या. अंधार पडला की समोर प्रकाश फिरताना दिसेल. दोन चमकांमधला वेळ त्यांना मोजायला लावा.

पावसाळा संपला की समुद्र पुन्हा खुला होईल. तेव्हा पहिल्या बोटीतून बेटावर जाणाऱ्यांत तपासणी करणारे अभियंते आणि पुरातत्त्वाचे अधिकारी असावेत, यासाठी पत्रं आत्ता जायला हवीत. पत्र मराठीत लिहा, साध्या शब्दांत लिहा, खाली सही, गाव आणि तारीख घाला. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहा, आणि तिसऱ्यांदा गावातल्या दहा जणांच्या सह्या घेऊन स्वतः जाऊन द्या.